फादर दिब्रिटो, गार्डसाहेब आणि माझी राहून गेलेली दुआ

२५ जुलै २०२४. गुरुवारचा दिवस. फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेल्याची बातमी आली आणि मी आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार ओळी टाकल्या. मराठीतला एक मोठा लेखक, वसईचा रखवालदार, सच्चा माणूस गेला असं लिहिलं आणि शेवटी लिहिलं, अल्लाह त्यांची मगफिरत करो.

दहा मिनिटांत एका तरुणाचं उत्तर आलं. मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे, पाच वक्तचा नमाजी आहे. त्याने अदबीनेच लिहिलं होतं : चाचा, गैरमुस्लिमाच्या निधनावर अफसोस करता येतो, मगफिरतची दुआ करता येत नाही. सोबत सूरह तौबाच्या ११३व्या आयतीचा हवाला होता.

मी ग्रुपवर वाद घातला नाही. पण ती गोष्ट मनातून जाईना. याचं कारण फादर दिब्रिटो जेवढे होते, तेवढंच आणखी एक कारण होतं. तीन वर्षांपूर्वी याच शंकेपायी मी एका दोस्ताच्या कबरीवर गप्प उभा राहिलो होतो. त्यामुळे हा लेख दोन माणसांचा आहे. एकाला सारा महाराष्ट्र ओळखतो. त्यांना मी कधी भेटलो नाही. दुसऱ्याला नागपूर रेल्वेतली माणसं आणि सदरमधली काही घरं सोडली तर कोणी ओळखत नाही. त्याच्यासोबत मी वीस वर्षं चहा प्यायलो.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो. त्यांना आम्ही सगळे गार्डसाहेब म्हणत असू. मालगाडीचे गार्ड. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मी पार्सल ऑफिसात होतो. त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी दक्षिणेतून आले आणि इथलेच झाले. घरी आई तमिळ बोलायची, चर्चमध्ये इंग्रजी, रेल्वेत हिंदी, आणि वाचायला मराठी. मराठी वाचनाचं श्रेय वहिनींचं. वहिनींचं माहेर वसई.

आमची ओळख झाली ती वेळापत्रकामुळे. गार्डसाहेब रविवारची मिस्सा चुकवत नसत. ड्युटी असली तर गाडी जिथे रिकामी होईल तिथे चर्च शोधत. इटारसी, आमला, बल्लारशा. कुठल्या स्टेशनापासून चर्च किती लांब आणि मिस्सा किती वाजता, हे त्यांना तोंडपाठ होतं. मी त्या काळात अधूनमधून लाइनवर जायचो आणि जुम्याची नमाज कुठे मिळेल याच्या फिकिरीत असायचो. एकदा बल्लारशाहून परत आले आणि म्हणाले, "काय बे, तुझी मस्जिद पाहून आलो. स्टेशनातून पाच मिनिटं. जुम्याची वेळही विचारून ठेवली." तिथून दोस्ती झाली. त्यांच्या लाइन बॉक्सच्या झाकणाला आतून मरियमचं चित्र चिकटवलेलं होतं. लाल-हिरवी झेंडी, डिटोनेटर, टॉर्च आणि ती. मी म्हटलं, गार्डसाहेब, ही आमचीही आहे, कुरआनात हिच्या नावाची अख्खी सूरह आहे. त्यांना ते ठाऊक होतं. "फादर दिब्रिटोंच्या मासिकात वाचलं होतं कधीतरी," म्हणाले. मी विचारलं, हे कोण? दुसऱ्या दिवशी त्यांनी 'सुवार्ता'चे पाच-सहा जुने अंक माझ्या टेबलावर आणून टाकले.

नागपूरच्या माणसाला कॅथलिक म्हटलं की इंग्रजी शाळा आठवते. सेमिनरी हिल्सवर रोज फिरायला जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक आहे, की टेकडीला हे नाव तिथल्या कॅथलिक गुरुविद्यालयावरून, सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं? नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालचा. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने काम करणारे मिशनरी फ्रान्सच्या अ‍ॅनसी गावाहून आले. आमच्यातल्या अनेक मुस्लिम घरांतली मुलं-मुली त्यांच्या शाळा-कॉलेजांत शिकली. आम्ही त्यांच्याकडून इंग्रजी घेतली आणि त्यांचा धर्म काय म्हणतो हे विचारायचं कधी मनात आणलं नाही. त्यांनीही आमचं विचारलं नाही. शेजार जुना, पण ओळख नाही, अशी आमची तऱ्हा.

मराठी ख्रिस्ती साहित्याचा मात्र नागपूरशी जुना संबंध आहे. नारायण वामन टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे काम करत होते, आणि पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्याने त्यांना बायबल दिलं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९३३ साली नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. टिळक मंडळी प्रॉटेस्टंट. कॅथलिकांचं मराठी घर वेगळं, आणि ते नागपूरपासून फार दूर, समुद्रकाठी वसईला.

वसईचा इतिहास आपण मुसलमानांनी नीट वाचला पाहिजे. कारण त्याच्या सुरुवातीला एक मुसलमान सुलतान उभा आहे. गुजरातच्या बहादूरशहाने मोगल हुमायूनच्या धाकाने १५३४ साली तह करून वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. त्यानंतर दोनशे वर्षं तिथे पोर्तुगीज अंमल होता. चर्चेस उभी राहिली, गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. पोर्तुगीज निघून गेले. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यांतल्या काही आजही महाराष्ट्रातल्या देवळांत वाजतात. पण ख्रिस्ती झालेले शेतकरी कुठे जाणार? ते तिथेच राहिले. केळी, पानवेली, फुलं आणि भाजीपाला पिकवत राहिले. बोलीही टिकली. सामवेदी किंवा कादोडी म्हणतात ती बोली आजही त्या गावांत ऐकू येते. ज्यांनी धर्म दिला ते परत गेले, ज्यांनी घेतला त्यांनी तो धरून ठेवला आणि भाषाही सोडली नाही.

आणि तरी त्यांना विचारलं जातं, तुम्ही बाटले कधी? तुम्ही मराठी कसे? हा प्रश्न आपल्याला ओळखीचा आहे. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या कुठल्याही मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला एकदा तरी कोणीतरी कौतुकाने म्हटलेलं असतं, "अरे वा, तुमचं मराठी छान आहे!" कौतुकच असतं ते, पण त्याच्या तळाशी आश्चर्य असतं, आणि ते आश्चर्य बोचतं. खरं तर याचं उत्तर चारशे वर्षांपूर्वीच दिलं गेलंय. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत लिहिलं. ते १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्याच सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. एक पाद्री, एक मुसलमान सूफी, दोघांनी आपला देव सांगायला ज्ञानोबांचा छंद घेतला. मराठी ही कुणा एका धर्माची जहागीर नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो या परंपरेतले. ४ डिसेंबर १९४२ रोजी वसई तालुक्यातल्या नंदाखाल गावी जन्मले. १९७२ साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. १९८३ ते २००७, म्हणजे चोवीस वर्षं, ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. चर्चचं मासिक म्हटल्यावर आपल्याला वाटतं सणांच्या तारखा, धर्मोपदेश आणि देणग्यांच्या याद्या असतील. गार्डसाहेबांनी दिलेले अंक वाचले तेव्हा मीही तेच समजून उघडले. आत संतसाहित्य होतं, पर्यावरण होतं, दुसऱ्या धर्मांबद्दल आदराने लिहिलेलं होतं, आपल्याच धर्मसंस्थेला विचारलेले प्रश्न होते. मला खरं सांगायचं तर हेवा वाटला. आपल्या धार्मिक नियतकालिकांत दुसऱ्याच्या धर्मावर जे छापून येतं ते बहुतेक करून त्याला खोटं ठरवण्यासाठी असतं.

हे एकाएकी झालं नव्हतं. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनमध्ये कॅथलिक बिशपांची मोठी परिषद भरली, दुसरी व्हॅटिकन परिषद. तिथून मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली. आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' नावाचा एक छोटा दस्तऐवज जाहीर झाला. इतर धर्मांकडे ख्रिस्तसभेने कसं पाहावं याबद्दलचा. त्यात मुसलमानांचा उल्लेख आदराने आहे : ते एका ईश्वराची उपासना करतात, येशूला ईश्वर मानत नसले तरी पैगंबर मानतात, मरियमचा मान राखतात, नमाज, जकात आणि रोजे पाळतात. झाली-गेली भांडणं विसरून एकमेकांना समजून घ्यावं असं त्यात आवाहन आहे. क्रुसेडची दोनशे वर्षं लढलेल्या संस्थेने हे लिहिलं, ही लहान गोष्ट नाही. फादर दिब्रिटो या परिषदेनंतर धर्मगुरू झालेल्या पिढीतले. त्यांचा मोकळेपणा धर्म पातळ झाल्यामुळे आलेला नव्हता, तो धर्मातूनच आलेला होता.

मला या माणसाचं सर्वांत मोठं महत्त्व इथेच वाटतं. आपल्या मराठी मुस्लिम जगात गेली पन्नास वर्षं दोनच वाटा दाखवल्या जातात. एका टोकाला हमीद दलवाई. १९७० साली पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तलाकपीडित बायकांसाठी लढले, आणि १९७७ साली जाताना आपलं दफन नको, दहन करा असं सांगून गेले. त्यांच्या धाडसापुढे मी मान झुकवतो. पण माझ्या आईला त्यांच्या वाटेने जाणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. दुसऱ्या टोकाला ते मौलाना, जे कुठल्याही प्रश्नाला 'फितना' म्हणतात. मधल्या माणसाने काय करायचं? ज्याला नमाजही हवी आणि प्रश्नही हवेत, त्याने कुठे जायचं? फादर दिब्रिटो आयुष्यभर पाद्रीच राहिले. ब्रह्मचर्याचं व्रत, रोजची मिस्सा, बिशपांची आज्ञा, काही सोडलं नाही. आणि तरी तुकोबा वाचले, चळवळी केल्या, स्वतःच्या लोकांना खडे बोल सुनावले. श्रद्धा घट्ट आणि दार उघडं, अशा दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, हे त्यांच्याकडे पाहून पटतं.

चळवळीचं थोडं सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईचा हिरवा पट्टा बिल्डरांना खुला होऊ लागला. मुंबईची गर्दी विरारपर्यंत पोचली होती. शेतं बुजवून इमारती, आणि त्या इमारतींना पाणी कुठून? तर वाड्यांतल्या विहिरींतून टँकरने उपसून. समुद्राजवळच्या जमिनीत गोडं पाणी उपसलं की खारं पाणी आत शिरतं, हे शेतकऱ्याला कळतं. त्या काळात वसई-विरारमध्ये गुंडगिरीचं राज्य होतं, बोलायची हिंमत कोणात नव्हती. तेव्हा हा पाद्री चर्चमधून रस्त्यावर उतरला. हरित वसई संरक्षण समितीतून त्यांनी लोकांना उभं केलं. फक्त ख्रिस्त्यांना नाही, सगळ्यांना. पाणी खारं झालं तर ते सर्वांच्याच विहिरीत होतं. धमक्या आल्या, ते मागे हटले नाहीत. वसईचा जो काही हिरवा भाग आज उरला आहे, त्यात या लढ्याचा वाटा आहे.

वहिनी माहेरच्या गोष्टी सांगताना एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे लोक फादरांना भेटायला जात ते पापकबुलीसाठी कमी आणि विहिरीसाठी जास्त." गार्डसाहेब लगेच म्हणाले, "दोन्ही एकच आहे गं."

लेखनाचंही काम मोठं आहे. 'ओअ‍ॅसिसच्या शोधात', 'तेजाची पाऊले', आत्मकथन 'नाही मी एकला'. आणि सर्वांत मोठं म्हणजे 'सुबोध बायबल'. साध्या, आजच्या मराठीत बायबल आणणं, शिवाय संदर्भ आणि टिपांसह. या कामासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. कुरआनचे मराठी अनुवाद आपल्याकडेही आहेत. पण इमारतीखालच्या हिंदू दुकानदाराला मी कुरआनचा कुठला मराठी अनुवाद द्यावा, जो तो पाच पानं सलग आनंदाने वाचेल? हा प्रश्न मला 'सुबोध बायबल' हातात घेतल्यावर पडला आणि अजून पडलेला आहे.

आता उस्मानाबादकडे येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर दिब्रिटोंची निवड जाहीर झाली. त्याआधीच्याच संमेलनाच्या वेळी आपल्या विदर्भात, यवतमाळला, नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेण्याची नामुष्की झाली होती. आता पाद्री अध्यक्ष! निषेध सुरू झाला. महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना फोन येऊ लागले. धर्मप्रचारक आहे, धर्मांतरं करतो, याचा मराठीशी काय संबंध, असं बोललं जाऊ लागलं. संमेलनाचे उद्घाटक ना. धों. महानोर, त्यांनाही येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. महानोर आले.

मी तेव्हा गार्डसाहेबांना एक गोष्ट म्हणालो, तिची आज लाज वाटते. म्हटलं, "फादर मोठेच आहेत, पण धर्मगुरूने साहित्याचं अध्यक्ष व्हावं का? उद्या कोणी मौलानाला करा म्हणेल, कोणी महंताला."

गार्डसाहेब निवृत्त झालेले होते. गुडघे दुखायचे. सदरमधल्या त्यांच्या घरासमोर खुर्च्या टाकून आम्ही बसलो होतो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला त्यांच्या पुस्तकात काही खोट दिसली का?"

"नाही."

"मग झगा दिसतो का फक्त? तुझी दाढी पाहून लोक तुझ्याबद्दल हेच बोलतात ना बे?"

मला उत्तर सुचलं नाही. मी सहजपणे जे बोललो होतो, ते माझ्याच विरुद्ध वापरलं जाणारं हत्यार होतं.

मुसलमान अध्यक्ष आपल्याकडे झालेला आहे. १९९० साली पुण्याच्या ६३व्या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. महानुभाव आणि संतसाहित्याचे एवढे मोठे अभ्यासक. त्याच वर्षी सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. पण पठाण सर प्राध्यापक होते. दिब्रिटो झगा घालणारे धर्मगुरू होते, आणि काळही बदलला होता. १० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत उस्मानाबादला संमेलन झालं. डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा मंजूर झालेला. देशभर मोर्चे. आपल्या घरांघरांतून आजोबांच्या जन्माचे दाखले शोधले जात होते. आदल्याच रविवारी दिल्लीत जेएनयूच्या विद्यार्थ्यांवर हल्ला झाला होता. फादर पाठीच्या दुखण्याने बेजार होते, व्हीलचेअरवरून मंचावर आले. आणि बोलले. त्या हल्ल्याबद्दलही बोलले, असहिष्णुतेबद्दलही बोलले. त्यांना सोपं होतं, वाद नको म्हणून संत आणि निसर्ग यांवर बोलून खाली उतरणं. कोणी नाव ठेवलं नसतं.

निजाम उस्मान अली खानच्या नावाचं शहर, जवळ तेरला गोरोबाकाकांची समाधी, मंचावर कॅथलिक पाद्री, आणि भाषा मराठी. मी आणि गार्डसाहेबांनी ते टीव्हीवर पाहिलं. ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली. नागपूरकरांना तो एप्रिल सांगायला नको. बेड नाही, ऑक्सिजन नाही, स्मशानात रांगा, कब्रस्तानात रांगा. गार्डसाहेब चार दिवसांत गेले. चर्चमध्ये नेता आलं नाही. दफनाला मोजकी माणसं, त्यातले दोघे पीपीई किट घातलेले. मी लांब, भिंतीपाशी उभा होतो. फादरांनी घाईघाईत प्रार्थना केली. माती पडली. मला आत्तापर्यंत शेकडो मयतींत सहभागी व्हायची सवय, हात आपोआप वर उठतात. ते उठले आणि मी खाली घेतले. डोक्यात तोच मसला आला, की हे जायज आहे का? वीस वर्षांचा दोस्त मातीत जात होता आणि मी फतवा आठवत होतो. घरी परतताना स्कूटर थांबवून सदरच्या पुलाजवळ बसलो. तेव्हाही दुआ केली नाही.

म्हणून त्या मुलाच्या संदेशाला मी आता सविस्तर उत्तर देतो.

बेटा, तू दिलेला हवाला बरोबर आहे. बहुतेक उलमांचं मत तू म्हणतोस तेच आहे, हे मी नाकारत नाही. फादर दिब्रिटो आणि गार्डसाहेब यांचा अकीदा आपला नव्हता. ते ईसांना ईश्वराचा पुत्र मानत, आपण अल्लाहचे पैगंबर मानतो. हा फरक लहान नाही आणि दोस्तीखातर तो पुसून टाकायची गरज नाही. त्या दोघांनीही तो कधी पुसला नाही. त्यांच्या दोस्तीवर माझा भरोसा होता तो यामुळेच. जो आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक आहे, तो माझ्याशीही खोटं बोलणार नाही.

पण त्याच कुरआनात सूरह माइदा आहे. ईमानवाल्यांशी प्रेमात सर्वांत जवळचे लोक कोण, तर स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे, कारण त्यांच्यात विद्वान आणि संन्यासी आहेत आणि ते घमेंड करत नाहीत, असं तिथे सांगितलंय. मक्केत छळ झाला तेव्हा पैगंबरांनी (स.) आपली माणसं पाठवली ती हबशच्या ख्रिस्ती राजाकडे, नजाशीकडे. जाफर (रजि.) यांनी त्याच्या दरबारात सूरह मरियम वाचली आणि राजा रडला. तो पुढे ईमान घेऊन वारला असं आपली रिवायत सांगते आणि पैगंबरांनी (स.) मदिनेत त्याची गायबाना जनाजा नमाज पढली. पण आसरा दिला तेव्हा तो ख्रिस्ती राजाच होता. नजरानचे ख्रिस्ती मदिनेत आले, त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली, तर त्यांना मस्जिदीत प्रार्थना करू दिली गेली, हे सीरतच्या किताबांत आहे. एका यहुद्याची मयत जवळून चालली होती तेव्हा पैगंबर (स.) उठून उभे राहिले. लोकांनी म्हटलं, हा तर यहुदी आहे. त्यावर त्यांनी विचारलं, की तो जीव नव्हता का?

आणि शेवटची गोष्ट, जिने माझं ओझं उतरवलं. सूरह माइदाच्या अखेरीस कयामतच्या दिवसाचं दृश्य आहे. हजरत ईसांना त्यांच्या अनुयायांबद्दल विचारलं जातं. ईसा म्हणतात, मी त्यांना हे शिकवलं नव्हतं. पण पुढे त्यांच्यासाठी शिक्षा मागत नाहीत. फैसला अल्लाहवर सोपवतात : ते तुझेच बंदे आहेत, शिक्षा देणं तुझ्या हातात आहे आणि माफ करणंही. हदीसमध्ये येतं, की पैगंबर (स.) एका रात्री नमाजला उभे राहिले आणि पहाट होईपर्यंत हीच एक आयत पुन्हा पुन्हा पढत राहिले.

ज्या आयतीवर त्यांनी रात्र काढली, त्या आयतीपलीकडे जाऊन मी निवाडा करणारा कोण? मगफिरत हा शब्द तुला खटकतो, ठीक आहे, मी तो परत घेतो. मी साक्ष देतो. आपल्याकडे मयतीच्या वेळी लोक मेलेल्याबद्दल चांगली साक्ष देतात, आणि माणसं ही जमिनीवर अल्लाहचे साक्षीदार आहेत असं आपण मानतो. तर माझी साक्ष लिहून ठेव. फ्रान्सिस दिब्रिटो यांनी लोकांच्या विहिरी वाचवल्या. दुसऱ्याच्या धर्माबद्दल ते चांगलं बोलले. दुखऱ्या पाठीने मंचावर आले आणि जे बोलायला लोक घाबरत होते ते बोलले. आमच्या वतीनेही बोलले. आणि सदरच्या एका मालगाडीच्या गार्डने बल्लारशाच्या उन्हात पायी जाऊन माझ्यासाठी जुम्याची वेळ विचारून आणली.

फादरांना नंदाखालला, त्यांच्या जन्मगावच्या चर्चमध्ये निरोप देण्यात आला. तिथे मी नव्हतो. पण त्या शुक्रवारी जुम्यानंतर मी नागपूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत गेलो. पाऊस नुकताच थांबला होता, कबरीवर गवत वाढलेलं होतं. थोडं उपटलं. वहिनींनी लावलेल्या दगडावर नाव इंग्रजीत आणि खाली एक ओळ मराठीत आहे. तीन वर्षांपूर्वी खाली घेतलेले हात वर केले, आणि सूरह माइदाची ती आयत हळू आवाजात पढली. तेवढीच.